फ्लूटचे दोन बार : 'डाउन अंडर' आणि त्याचे पुढचे अवतार

घरात पेटी असेल तर आधी एक छोटा प्रयोग करून बघा. पांढरी एक सा धरून वाजवा : प प प प, ध ध ध प, ग प ग. मग तीच आकृती खाली सरकवून : ग ग ग ग, म म म ग, सा ग सा. शाळेतल्या कवायतीच्या गाण्यासारखं, हसरं, सरळ काहीतरी ऐकू येईल. आता सूर तेच ठेवा, बोटंही तिथंच राहू देत, फक्त खाली धरलेला सा सोडून द्या आणि मघाच्या 'ध'ला सा मानून त्याचा स्वर धरून ठेवा. मघाचा प आता कोमल नी झाला, ग झाला प, म झाला कोमल ध. बिलावलाच्या अंगणातली पोरं एकदम आसावरीच्या ओसरीवर येऊन बसली. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. एकही सूर न बदलता चेहरा बदलतो, आणि ओळखीचा माणूस समोरून गेला तरी ओळखू येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यावरच्या ज्या खटल्याचा निकाल 2010 साली लागला, त्याचं सार या दोन मिनिटांच्या प्रयोगात आहे. पाश्चात्त्य भाषेत सांगायचं तर मूळ बालगीत मेजर स्केलमधलं होतं आणि त्याचे दोन बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण) बी मायनरमधल्या एका पॉप-रॉक गाण्यात फ्लूटवर वाजले होते. पंचवीसहून अधिक वर्षं ते जगभर वाजत राहिले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या मालकीचं बालगीत होतं, त्याच्याही नाही.

बालगीताचं नाव 'कुकाबरा'. मराठी वाचकाला हा शब्द क्रिकेटच्या चेंडूवरून माहीत असतो. पक्षी म्हणून कुकाबरा आपल्या खंड्याच्याच कुळातला, पण त्या कुळातला थोरला आणि आवाजी. पहाटे खदखदून हसल्यासारखा ओरडतो. मेलबर्नमधल्या टुराक कॉलेज या शाळेत संगीत शिकवणाऱ्या मॅरियन सिंक्लेअर यांनी 1932 च्या सुमारास या पक्ष्यावर चार बारांचं एक गाणं केलं. 1934 मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या गर्ल गाइड्स संघटनेनं गाण्यांची स्पर्धा घेतली, तिथं ते पाठवलं. त्याच वर्षाअखेरीस मेलबर्नजवळ फ्रँकस्टन इथं स्काउटांचा मोठा मेळावा भरला, स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल स्वतः हजर होते, आणि तिथं हे गाणं गायलं गेलं. तिथून ते शेकोट्या-शेकोट्यांवरून जगभर पसरलं.

या गाण्याचा प्रकार 'राउंड' म्हणून ओळखला जातो. पोरांचे चार गट करायचे. पहिल्या गटानं सुरुवात केली की एक बार उलटल्यावर दुसऱ्यानं पहिल्यापासून सुरू करायचं, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. चारही ओळी एकाच वेळी वेगवेगळ्या गळ्यांत चालू असतात आणि तरी एकमेकींच्या पायात येत नाहीत. आपल्या संगीतात याला नेमका जोड नाही. भजनात पुढच्यानं म्हटलेलं मागचे घोळवून म्हणतात, ते वेगळं. राउंडमधली प्रत्येक ओळ मुद्दाम इतकी साधी, तुटक आणि घट्ट बांधलेली असावी लागते की ती कशावरही बसेल. 'कुकाबरा' एका वेगळ्याच गाण्यावर इतकं बेमालूम बसलं, त्याचं निम्मं श्रेय सिंक्लेअरबाईंच्या बांधणीला आहे असं मला वाटतं. खटल्याच्या चर्चेत हे कुणी फारसं म्हणत नाही.

आता दुसरं गाणं. कॉलिन हे हा मूळचा स्कॉटलंडचा, चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मेलबर्नमध्ये त्याची गाठ रॉन स्ट्रायकर्ट या गिटारवादकाशी पडली. स्ट्रायकर्टनं घरी एक टेप केली होती. पाण्यानं कमी-जास्त भरलेल्या बाटल्यांवर ठोकून काढलेला ठेका आणि त्याखाली बेसची एक फिरत राहणारी ओळ. जलतरंगाचा गावठी भाऊच म्हणायचा. त्या टेपनं हेच्या डोक्यात घर केलं आणि 1978 मध्ये त्यावर शब्द आले. गाणं तयार झालं 'डाउन अंडर' (ऑस्ट्रेलियाचंच हे बोलीतलं नाव). फ्लूट त्यात अजून नव्हती.

ती आली ग्रेग हॅमबरोबर. हॅम सॅक्सोफोन, फ्लूट, कीबोर्ड असं काय हाताला येईल ते वाजवायचा. बँडचं नाव 'मेन अॅट वर्क', आणि त्यांचा अड्डा मेलबर्नच्या रिचमंड भागातला क्रिकेटर्स आर्म्स हा पब. तिथल्या गर्दीसमोर वाजवता वाजवता हॅमनं गाण्यात फ्लूटची एक फिरत भरली. पुढे न्यायालयात दिलेल्या लेखी जबाबात त्यानं सांगितलं की गाण्याला थोडी ऑस्ट्रेलियन चव यावी, हा त्यातला हेतू होता. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या माणसानं 'देशी चव' म्हणून बोटं सोडली तर ती कुठे जातील? लहानपणी शेकोटीशी म्हटलेल्या गाण्याकडेच जाणार. आपल्याकडच्या बासरीवाल्याला 'जरा गावाकडचं वाजव' म्हटलं तर तोही पटकन ओवीच्या नाहीतर लावणीच्या वळणावर जाईल, आणि आपण कुणाचं काही घेतलं असं त्याच्या मनातही येणार नाही.

हे गाणं प्रथम 1980 मध्ये निघालं, ते एका एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला दुसरंच गाणं होतं. मग मोठ्या कंपनीशी करार झाला, पीटर मॅकइयान या अमेरिकी निर्मात्यानं ते नव्यानं ध्वनिमुद्रित केलं आणि 1981 च्या उत्तरार्धात ते बाजारात आलं. म्हणजे ज्याला सगळे मूळ 'डाउन अंडर' समजतात, तीच खरं तर त्या बँडनं केलेली स्वतःच्या गाण्याची दुसरी आवृत्ती. या गाण्याच्या अवतारांची मोजणी तिथूनच सुरू करायला हवी.

पुढचं सगळं थोडक्यात सांगतो, कारण यशाच्या कहाण्या एकसारख्याच असतात. ऑस्ट्रेलियात पहिला क्रमांक, जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेत पहिला, ब्रिटनमध्येही पहिला. 'बिझनेस अॅज युज्वल' हा अल्बम अमेरिकेच्या यादीत पंधरा आठवडे अग्रस्थानी. नवोदित कलाकारांसाठीचा ग्रॅमी. त्याच वर्षी सप्टेंबरात 'ऑस्ट्रेलिया टू' या शिडाच्या नौकेनं न्यूयॉर्क यॉट क्लबकडे 132 वर्षं असलेला अमेरिकाज कप जिंकला, तेव्हा नौकेच्या चमूचं गाणं हेच होतं. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपातही बँडनं ते वाजवलं. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेनं, म्हणजे 'आप्रा'नं, आपल्या पंच्याहत्तरीनिमित्त देशातली सर्वोत्तम गाणी निवडली, त्यात हे चौथं आलं.

गंमत अशी की ज्या गाण्यावर झेंडे फडकवले गेले, ते लिहिणाऱ्याच्या मनात झेंडा नव्हता. हेनं अनेकदा सांगितलं आहे की गाण्यामागे देश विकायला काढल्याची, त्याची माती आणि स्वभाव हरवत चालल्याची खंत आहे. गाण्यातला प्रवासी खटारा कॉम्बी व्हॅनमधून हिप्पींच्या वाटेवर निघतो. ब्रुसेल्समध्ये त्याला एक धिप्पाड पाववाला भेटतो आणि व्हेजिमाइटचं (पावाला लावायचा खास ऑस्ट्रेलियन खारट लेप) सँडविच देतो. शेवटच्या कडव्यात तो मुंबईत पोचतो. तेव्हाची बॉम्बे. तिथल्या एका अड्ड्यात तो जबडा सैल सोडून, बोलायला फारसं काही न उरलेला असा पडलेला असतो. लंडन, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि पुढे गोवा किंवा काठमांडू अशी ती वाट 1979 नंतर इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत फौज यांनी बंदच केली. तबकडी बाजारात आली तेव्हा गाण्यातला रस्ता उखडलेला होता. कुलाब्याच्या आणि हणजुण्याच्या जुन्या लोकांना हा प्रवासी चेहऱ्यानं ओळखीचा वाटेल. त्याच्याकडे अभिमानाची खूण म्हणून बघावं असं त्यात काही नाही, पण स्टेडियममध्ये गाणाऱ्या पन्नास हजारांना कडव्यांशी कर्तव्य नसतं. त्यांना ध्रुवपद पुरतं. आणि ध्रुवपदाइतकीच त्यांना ती फ्लूट पुरते.

ती फ्लूट कुणाची, हा प्रश्न एका टीव्ही कार्यक्रमात विचारला गेला. 2007 साली, एबीसी या सरकारी वाहिनीवर 'स्पिक्स अँड स्पेक्स' नावाचा संगीताच्या कोड्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात स्पर्धकांना फ्लूटचा तुकडा ऐकवून विचारलं गेलं, यात कोणतं ऑस्ट्रेलियन बालगीत दडलंय? कानसेन म्हणून बसवलेले लोकही आधी चाचपडले. दुसऱ्या दिवशी सिडनीतल्या लॅरिकिन म्युझिक या प्रकाशनसंस्थेकडे फोन आणि ईमेल येऊ लागले. तुमचंच ना ते गाणं?

त्यांचंच होतं. सिंक्लेअरबाई 1988 मध्ये वारल्या. 1990 मध्ये लॅरिकिननं 'कुकाबरा'चे हक्क 6,100 ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतले. म्हणजे 1990 ते 2007 अशी सतरा वर्षं गाणं त्यांच्या तिजोरीत होतं आणि 'डाउन अंडर' त्यांच्या खिडकीबाहेर वाजत होतं. 'लॅरिकिन' या ऑस्ट्रेलियन शब्दाचा अर्थ वात्रट, खोडकर पण मनानं मोकळा माणूस. लोकसंगीत जपायला म्हणून सत्तरच्या दशकात सुरू झालेलं ते घराणं तोवर विकलं जाऊन एका बड्या संगीत-समूहाच्या छत्राखाली आलं होतं. नाव तेवढं खोडकर राहिलं.

दावा दाखल झाला. प्रतिवादी बँडच्या बाजूची प्रकाशक कंपनी ईएमआय आणि गाण्याचे नोंदलेले रचनाकार कॉलिन हे व स्ट्रायकर्ट. पहिली चकमक मालकीवरच झाली. ईएमआयचं म्हणणं असं की 1934 च्या स्पर्धेत गाणं पाठवलं तेव्हाच हक्क गर्ल गाइड्सकडे गेले, मग लॅरिकिननं विकत घेतलं ते काय? न्यायालयानं 2009 मध्ये ते मानलं नाही. हक्क देऊन टाकायचा तर सही केलेला कागद लागतो, आणि बाईंनी तसा कागद करून दिल्याचं दिसत नव्हतं. मालकी लॅरिकिनचीच ठरली.

मग 4 फेब्रुवारी 2010 ला फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती पीटर जेकबसन यांचा मुख्य निकाल आला. तज्ज्ञ दोन्ही बाजूंना होते. लॅरिकिनकडून संगीतकार व निवेदक अँड्र्यू फोर्ड, समोरून संगीतकार मार्टिन आर्मिगर. समोरच्या बाजूचा भर अर्थातच मघाच्या पेटीवरच्या प्रयोगावर होता. स्वर जुळत असतील, पण त्याखालचा आधार वेगळा आहे, ताल-पेहराव वेगळा आहे, तुकडे मधे तोडलेले आहेत, ऐकणाऱ्याला तेच गाणं ऐकल्यासारखं वाटत नाही. हे सगळं खरं होतं. न्यायमूर्तींनीही मान्य केलं की साम्य सहज ऐकू येत नाही, कानाला आधी सांगावं लागतं.

तरीही निकाल लॅरिकिनच्या बाजूनं गेला. माझ्या मते तो कायद्याच्या चौकटीत चुकीचा नव्हता. कायद्याची फूटपट्टी दोन प्रश्न विचारते. एक, साम्य वस्तुतः आहे का? दोन, घेतलेला भाग मूळ कृतीचा भरीव भाग आहे का? आणि दुसऱ्या प्रश्नातली मेख अशी की भाग मोजायचा तो ज्याचं घेतलं त्याच्या कृतीत, घेणाऱ्याच्या कृतीत नव्हे. पावणेचार मिनिटांच्या 'डाउन अंडर'मध्ये ते दोन बार म्हणजे चिमूट. पण 'कुकाबरा' अवघं चार बारांचं. त्यातले दोन गेले म्हणजे निम्मं गाणं गेलं. शेजाऱ्याच्या वाफ्यातून उपटलेल्या दोन जुड्या आपल्या पंगतीत कुणाला दिसणार नाहीत, पण वाफा अर्धा रिकामा झालेला असतो. 1979 चं ध्वनिमुद्रण आणि 1981 चं ध्वनिमुद्रण, दोन्ही उल्लंघन ठरली. क्वांटास विमान कंपनीच्या एका जाहिरातीत त्या गाण्याचा छोटा तुकडा होता, ती मात्र सुटली.

पुराव्यातल्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली म्हणजे गाण्याची चित्रफीत. तिच्यात हॅम झाडावर बसून फ्लूट वाजवताना दिसतो, आणि बालगीताची पहिलीच ओळ गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, जुन्या झाडावर बसलेल्या पक्ष्याची. चित्रफीत करणाऱ्यांनी जाणूनबुजून सूचक विनोद केला असेल, किंवा सहज सुचलं असेल. न्यायालयात मात्र विनोदाचा पुरावा होतो. दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक. उलटतपासणीत हेनं कबूल केलं की 2002 च्या सुमारापासून कार्यक्रमांमध्ये हे गाणं म्हणताना मधेच तो 'कुकाबरा'चे शब्द गायचा. त्याला ते साम्य कळलं होतं, गंमत वाटली होती, श्रोत्यांना ती वाटावी म्हणून तो ते दाखवत होता. स्वतःच्याच गाण्याच्या एका जिवंत आवृत्तीत त्यानं उधारीची पावती फाडून प्रेक्षकांना दिली, आणि ती पावती पुढे त्याच्याच विरुद्ध वाचली गेली. गप्प बसला असता तर? बहुधा निकाल बदलला नसता, पण त्याच्या बाजूचा मुद्दा एवढा पांगळा दिसला नसता.

इथं आपल्याकडचं एक आठवतं. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक तमुक' असं सरळ छापलेलं असायचं. चाल ठुमरीची असे, कानडी पदाची असे, दुसऱ्या नाटकातल्या लोकप्रिय पदाचीसुद्धा असे. उसनं घेतल्याची लाज नव्हती, उलट ओळखीची चाल आहे म्हणजे प्रेक्षक पटकन धरील हा फायदा होता. ती व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणणार नाही. ज्याची चाल घेतली त्याला दमडी मिळत नसे. पण निदान कागदावर नाव असे. 'डाउन अंडर'च्या बाबतीत पैशांचा हिशेब लागला तो नाव नव्हतं याच मुद्द्यावर. आप्रा या हक्कसंस्थेकडे गाण्याची नोंद करताना हे आणि स्ट्रायकर्ट यांच्या बाजूनं शंभर टक्के रचना त्यांचीच असं सांगितलं गेलं होतं. न्यायालयाच्या लेखी ते दिशाभूल करणारं कथन ठरलं, आणि भरपाईचा रस्ता व्यापारव्यवहाराच्या कायद्यातून गेला.

लॅरिकिननं गाण्याच्या उत्पन्नात 40 ते 60 टक्के वाटा मागितला होता. जुलै 2010 मध्ये न्यायमूर्तींनी दिले 5 टक्के, आणि तेही 2002 पासूनचे. त्यामागची वर्षं मुदतीच्या कायद्यामुळे गेली, म्हणजे गाण्यानं सर्वांत जास्त कमावलं तो काळ हिशेबाबाहेरच राहिला. पुढच्या उत्पन्नावरही तोच दर. रक्कम ठरवताना विचार असा झाला की वेळेवर, समजून-उमजून दोन पक्ष बोलणीला बसले असते तर फ्लूटच्या त्या तुकड्यासाठी काय ठरलं असतं. हेनं जाहीर निवेदनात या सगळ्याला संधीसाधू हाव म्हटलं. त्याचा राग समजतो. पण 5 टक्के हा आकडा पाहिला तर न्यायालयानंही मागणीकडे साधारण तशाच नजरेनं पाहिलं असावं.

अपील 31 मार्च 2011 ला फेटाळलं गेलं. तीन न्यायमूर्तींपैकी एमेट यांनी निकालाला संमती देता देता अस्वस्थता नोंदवून ठेवली आहे. रचनाकर्ती वारून इतकी वर्षं झाल्यावर, हक्क विकत घेणाऱ्या तिसऱ्याच्या सांगण्यावरून असं उल्लंघन ठरत असेल, तर या कायद्यामागच्या काही कल्पनांचाच फेरविचार व्हायला हवा, अशा आशयाचं ते निरीक्षण आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात हायकोर्टानं (ऑस्ट्रेलियात हे सर्वोच्च न्यायालय) दाद मागण्याची परवानगी नाकारली. विषय संपला.

ग्रेग हॅमसाठी तो आधीच संपला होता. निकालानंतर मेलबर्नच्या 'द एज' या दैनिकाशी बोलताना तो म्हणाला होता की गाण्याची आठवण आता नक्कल म्हणूनच राहील, आणि आपलीही ओळख काहीतरी उचलणारा अशीच उरेल, याचं आपल्याला फार वाईट वाटतं. एप्रिल 2012 मध्ये तो मेलबर्नच्या घरी मृतावस्थेत सापडला. वय 58. मृत्यूचं कारण खटल्याशी जोडण्याचा मोह अनेकांना झाला, हेनंही त्या ताणाबद्दल बोलून दाखवलं आहे. मी तो धागा ओढणार नाही. पण एक गोष्ट कागदावरच आहे आणि ती पुरेशी कडू आहे. गाण्याचे नोंदलेले रचनाकार दोनच, हे आणि स्ट्रायकर्ट. हॅमचं नाव तिथं नाही. ज्या फ्लूटनं गाणं जगाच्या कानात बसलं, ती 'वादकानं भरलेली जागा' म्हणून मोजली गेली. रचनेच्या मानधनात त्याचा वाटा नव्हता. नकलेचा ठपका मात्र पुरा त्याचा. श्रेय वाटताना ती फ्लूट सजावट होती आणि दोष वाटताना ती गाण्याचा गाभा झाली.

आता पुन्हा केलेल्या आवृत्त्यांकडे. इथं कायद्याचा एक विरोधाभास आहे, जो या प्रकरणात लख्ख दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या 1968 च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय आहे की एखादं गाणं एकदा रीतसर ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं, की दुसरा कुणीही सूचना देऊन आणि ठरलेलं मानधन भरून ते स्वतःच्या आवाजात मुद्रित करू शकतो. दर कायद्यातच लिहिला आहे : किरकोळ विक्री किमतीच्या 6.25 टक्के. रचनाकाराची मर्जी सांभाळायला नको. भारतातही 2012 च्या दुरुस्तीपासून असा कायदेशीर परवाना आहे, फक्त मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं उलटलेली असावी लागतात. म्हणजे अख्खं 'डाउन अंडर' पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत घ्या, उघडपणे घ्या, तर रस्ता मोकळा. त्यातले दोन बार नकळत घ्या, तर दशकांनी कोर्ट. 6.25 आणि 5 हे आकडे शेजारी ठेवून हसू येतं खरं, पण ते एका मापाचे नाहीत. पहिला विक्री किमतीवरचा, दुसरा रचनाकारांच्या हातात पडणाऱ्या मानधनावरचा. शिवाय पहिल्यात भांडण नसतं आणि दुसऱ्यात वकिलांची बिलं आकड्याबाहेर असतात.

हेनं स्वतः हे गाणं किती वेळा फिरवून केलं त्याला गणती नाही. बँड फुटल्यावर तो अमेरिकेत गेला आणि लहानमोठ्या सभागृहांत एकटा गिटार घेऊन गाऊ लागला. 2003 च्या 'मॅन अॅट वर्क' या अल्बममध्ये त्यानं जुनी गाणी नव्या वेषात घेतली, त्यात 'डाउन अंडर'ही आहे. एकट्या गिटारवरचा 'डाउन अंडर' ऐकला की थबकायला होतं. गती उतरलेली, आवाजात भेग, आणि ज्या खंतीबद्दल तो इतकी वर्षं मुलाखतींत बोलत होता ती अचानक शब्दांतून ऐकू येते. विजांचा गडगडाट येतोय, पळा, लपा, असा इशारा त्या ध्रुवपदात आहे, हे स्टेडियममध्ये कधी कळत नाही. इथं कळतं. बियर, झेंडा आणि समूहगान काढून घेतलं की उरतं ते एका स्थलांतरिताचं गाणं. स्कॉटलंडमधून आलेल्या पोरानं दत्तक देशाबद्दल लिहिलेलं. फ्लूटशिवायही गाणं उभं राहतं, हे त्यानं खटल्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं. कोर्टात त्याच्या बाजूनं नेमकं हेच सांगायचं होतं की फ्लूट म्हणजे गाणं नव्हे.

मग 2021 आला. मूळचा टास्मानियाचा तरुण डीजे-निर्माता क्रिश्चन बेन्सन, व्यवसायातलं नाव लूड, यानं 'डाउन अंडर'चं ड्रम अँड बेस (अतिवेगवान ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) रूप केलं. आधी ते इंटरनेटवरच्या छोट्या तुकड्यांतून पसरलं. अशा वेळी जुन्या गाण्याच्या मालकाकडून नोटीस येते, हा सर्वसाधारण अनुभव. इथं उलट झालं. हेला ते आवडलं आणि त्यानं पुन्हा माइकसमोर उभं राहून आपला भाग नव्यानं गाऊन दिला. वय तेव्हा 68. नोव्हेंबर 2021 मध्ये ते रीतसर निघालं आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या यादीत पहिल्या पाचांत पोचलं. मूळ गाणं तिथं पहिल्या क्रमांकावर होतं त्याला एकोणचाळीस वर्षं झाली होती. ज्यांचे आईबाबा त्या वेळी शाळेत होते अशी पोरं त्यावर नाचली.

चार मिनिटांच्या आरामशीर रेग्गेछाप चालीला ड्रम अँड बेसच्या चाबकानं पळवल्यावर काय उरावं? माझ्या कानाला कडवी त्यात जवळजवळ विरघळतात. मुंबईतला तो सैल जबड्याचा प्रवासी झपकन निघून जातो. लूडच्या आवृत्तीबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा मुद्दा मला कळतो. पण कॉलिन हे स्वतः तिथं गायला उभा आहे, या गोष्टीला मी अधिक किंमत देतो. ज्या माणसानं दोन बारांपायी तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यानं कुणीतरी आपलं अख्खं गाणं उचललेलं पाहिलं आणि वकिलाकडे न जाता स्टुडिओत गेला. वेळेवर, समजून-उमजून बोलणीला बसलेले दोन पक्ष. न्यायमूर्तींनी 5 टक्के काढताना कल्पनेत जे रंगवलं होतं, ते इथं प्रत्यक्ष घडलं.

पुढे हे गाणं जो कुणी करील, त्याच्यासमोर एक निर्णय आयता वाढून ठेवलेला आहे. ती फ्लूट घ्यायची की नाही. वगळली तर श्रोता चुकल्यासारखा होतो, कारण चाळीस वर्षांत कान तिला सोकावले आहेत. घेतली तर सिंक्लेअरबाईंचा हिस्सा मोजावा लागतो. आणि 2010 नंतर तिसरीच अडचण झाली आहे : आता कानाला सांगून ठेवलेलं आहे. पेटीवर एकदा तो प्रयोग केलात की आसावरीतली ती फिरत ऐकताना मागून बिलावलाची पोरं ओरडू लागतात, आणि त्यांना गप्प करता येत नाही.

ऑस्ट्रेलियात 2005 पासून हक्काची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं आहे. सिंक्लेअरबाई 1988 मध्ये गेल्या, म्हणजे 'कुकाबरा' 2058 संपेपर्यंत कुणा ना कुणाच्या मालकीचं राहणार. कॉलिन हे आणि स्ट्रायकर्ट यांचं 'डाउन अंडर' त्याच्याही बऱ्याच पुढे. 1 जानेवारी 2059 च्या पहाटे फ्लूटचे ते दोन बार मोकळे होतील, आणि ज्या गाण्यानं त्यांना जगभर नेलं ते अजून बंदिस्तच असेल.